वरच्या पंखावरचा हार

हेमावती गप्प बसली असं कुणी सांगितलं तर आमच्या गल्लीत कुणाचा विश्वास बसायचा नाही. सात रस्त्याच्या चौकातले हॉर्न परवडले पण तुझं तोंड आवर, असं आमचे हे, म्हणजे अमरेश, रोज म्हणतात. पण या खंडेनवमीला मी गप्प बसले, आणि जिथं बोलायला पाहिजे होतं नेमकं तिथंच बसले.

माझे सासरे शिवलिंगप्पा, आमचे अप्पा, होटगीला रेल्वेत सिग्नलची कामं करून रिटायर झालेले. उन्हाळ्यात त्यांना लकव्याचा झटका आला नि डावा हात लुळा पडला. हळूहळू बोटं हलायला लागली, पण थरथर काही जाईना. आणि आमच्या लिंगायतांत रोज आंघोळ झाली की इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच घास तोंडात घालायचा. ते हातातून पडलं तर? त्या धास्तीनं अप्पांनी लिंग हातावर घेणंच सोडलं. लिंगाची चांदीची डबी देव्हाऱ्यात ठेवून लांबून हात जोडायचे, आणि जेवताना अर्ध्यावरच उठायचे.

बोटांना बारीक काम द्या, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांनी ऑनलाइन, तुकडे जोडून बनवायच्या एका विमानाचा खोका मागवला. जुन्या काळातलं लढाऊ विमान, एकावर एक दोन पंख, मध्ये काडीएवढे खांब. प्लॅस्टिकचा एकेक तुकडा डाव्या चिमटीत धरायचा, उजव्यानं गोंद लावायचा. पंखांमधल्या तारांसाठी माझ्या इरकलीच्या पदरातले रेशमी धागे गेले. गोंदाच्या वासानं माझं डोकं उठायचं.

"अप्पा, विमानतळ होटगी रोडला हाय की! माझ्या जेवायच्या टेबलावर कशाला?"

अप्पा हसायचे. "थांब की गं. हे पुरं झालं की दसऱ्याला लिंग मीच हातावर घेणार बघ."

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी वरचा पंख बसवला आणि मला कानडीत दम भरला, "मुट्टबेड! गोंद ओला हाय. उद्या दुपारपतोर हात लावायचा न्हाई."

सकाळी मी घरातली हत्यारं, वाहनं पुजायला घेतली. विळी, कात्री, शिलाई मशीन, ह्यांची स्कूटर. प्रत्येकाला विभूतीचे पट्टे, कुंकू, झेंडूचा हार. एक हार उरला. समोर टेबलावर विमान. वाहनच की ते! म्हाताऱ्या माणसानं एवढं जीव लावून केलंय, त्याला बिनपूजेचं कसं ठेवायचं? मुट्टबेड आठवलं, खोटं कशाला बोलू. पण हार घालणं म्हणजे काय हात लावणं नव्हे, असं मनाशी म्हटलं आणि वरच्या पंखावर हार घातला.

पाणी मारलेला हार तो, चांगला वजनदार. कट्ट आवाज झाला. पंख कलंडला, खांब सुटले, माझ्या इरकलीचे धागे लोंबायला लागले. हार ओढून काढला, खांब होते तिथं दाबले, पंख वर टेकवला. लांबून बघितलं तर होतं तसं दिसलं. तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली आणि मी स्वयंपाकघरात पळाले.

दुपारी अप्पांनी ह्यांना हाक मारली, "अमरेश, बघ इकडं." आणि लिंग घेतात तसं विमान डाव्या तळहातावर घेतलं. हात जरासा थरथरला. पंख घसरला आणि फरशीवर पडला.

अप्पांनी पंखाकडं बघितलंच नाही. हाताकडं बघत बसले. "ह्यो हात कसला लिंग धरतोय," म्हणाले.

पुन्हा चिकटवू की, असं हे म्हणाले. अप्पांनी विमान टेबलावर ठेवून दिलं. आणि मी? मी पोळ्या लाटत होते. तव्यावरची पोळी करपली तरी उलटायचं सुचलं नाही. मी पाडला, एवढे दोन शब्द. एरवी दिवसभर बडबडणारी बाई मी, पण आपला वेंधळेपणा कबूल करायची लाज वाटली आणि म्हाताऱ्याला त्याच्याच हातावर खापर फोडू दिलं.

दसऱ्याला सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. अप्पा पूजेला बसलेच नाहीत. डबी देव्हाऱ्यात तशीच. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "सुखी ऱ्हा, हेमा. लई केलंस गं माझं."

चपलेनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

"अप्पा, पंख मी पाडला," मी म्हटलं. "हार घातला मी त्याला."

अप्पा केविलवाणं हसले. "मला बरं वाटावं म्हणून सांगतीस व्हय?"

"नाही हो! देवाशपथ!"

"साकु, हेमा. पुरे. म्हातारा हाय मी, खुळा न्हाई."

आता आली का पंचाईत! गुन्हा कबूल करतेय तर कुणी ऐकून घेईना. मी विमान उचलून आणलं, निखळलेला पंख उलटा केला आणि त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. काय दाखवायचं ते मलाही माहीत नव्हतं. पण खांबाच्या खोबणीत, वाळलेल्या गोंदात, झेंडूची एक पाकळी चिकटून बसली होती.

अप्पांनी चष्मा लावला. पाकळी नखानं खरवडून बघितली. निघाली नाही.

"म्हंजे माझ्या हातानं न्हाई पडला?"

"नाही, अप्पा."

"आणि कालपास्नं मला हितं जित्ता गाडून तू पोळ्या लाटत बसलीस?"

इतकं रागावलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मला रडू फुटलं.

"रड मागनं. आधी डबी आण."

मी पाट मांडला, डबी पुढं ठेवली. अप्पांनी उजव्या हातानं लिंग काढलं आणि डाव्या तळहातावर ठेवून डोळे मिटले. हात थरथरत होता. मला राहवेना. मी हळूच त्यांच्या हाताखाली माझी ओंजळ धरली.

"मुट्टबेड," अप्पा डोळे न उघडता म्हणाले.

या खेपेला मी ऐकलं. ओंजळ काढून घेतली.