चाबी कोणी दिली

"चाबी कोणी दिली, एवढंच सांगा," जमादार म्हणाले. "बाकीचं मी लिहून घेतो."

शिंदखेड्याच्या पोलीस ठाण्यात जीवराम ड्रायव्हर हात बांधून उभा होता. बावीस वर्षं त्याने धुळ्याच्या एका सरकारी कचेरीची जीप चालवली. चाकाखाली कधी कोंबडी आली नव्हती. आणि काल भाचीच्या लग्नात त्याच्या सोळा वर्षांच्या पोराने, भटूने, गाडी थेट हंडा घेऊन चाललेल्या मंजुळाबाईंवर घातली. बाईंचा पाय मांडीत मोडला.

गाडी युसूफभाईंची. लग्नापुरती, जीवरामच्या भरवशावर दिलेली. मारुतीच्या देवळापाशी नवरदेव गाडीची वाट बघत होता, मुहूर्त टळत होता. पण मामा भाचीच्या पाठीशी उभा, तो मांडवातून हलणार कसा? जीवरामने खिशातली चाबी काढून भटूकडे फेकली. पोरगा वावरात ट्रॅक्टर चालवतो, पाव मैल तर जायचंय. तेव्हा आपली अक्कल कुठे चरायला गेली होती, हे तो कालपासून स्वतःलाच विचारत होता.

"मी आबाना खिसामाईन चोरीसन लिधी," कोपऱ्यातून भटू म्हणाला. "आबाले काहीच माहीत नव्हतं."

जमादारांचं पेन थांबलं. आवाज उतरवून ते म्हणाले, "जीवरामभाऊ, हेच लिहू? पोरगा अल्पवयीन आहे, त्याचं निभावेल. तुम्ही दिली म्हणालात तर गुन्हा तुमच्यावरही. निलंबन ठरलेलं. बाईंची भरपाई तुमच्याच गळ्यात."

निवृत्तीला सहा वर्षं उरली होती. नुसतं गप्प बसलं तरी जीप आपली राहणार होती. त्याने पोराकडे पाहिलं. भटूच्या सदऱ्यावर कालची हळद तशीच होती, आणि तो बापाकडे न बघता भिंतीकडे बघत होता. जीवरामला स्वतःची लाज वाटली.

"भटू, खोटं बोलू नको. चाबी मी दिधी," तो म्हणाला. मग जमादारांकडे वळला. "लिहा साहेब. त्याच्याकडे परवाना नाही, हे माहीत असून दिली."

प्लॅस्टिकमध्ये जपलेला स्वतःचा परवाना त्याने टेबलावर ठेवला.

परतीच्या एसटीत बापलेक ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. वळण आलं की जीवरामचा उजवा पाय ब्रेक शोधत खालच्या पत्र्यावर दाबला जाई. भटूने दोनदा पाहिलं. तिसऱ्या वळणाला त्याने बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला.