बंगईची फळी

चंद्रभानने पट्ट्याची सँडर मशीन काउंटरवर आदळली तशी शेजारची खिळ्यांची बरणी खणखणली.

“काका, घ्यायची त हे घ्या. खरी सुतारायची मशीन हाये. कशीबी खरबडीत फळी द्या, दोन मिनिटात सपाट.”

पुंजाजीने मान डोलावली, पण उजवा हात पँटच्या खिशातून काही बाहेर काढला नाही. दुर्गाबाईला ते दिसलं. तिने घाईघाईने नजर मशीनकडे वळवली. गेलं दीड वर्ष तिची हीच कसरत चालू होती. पाहायचं सगळं आणि दिसलं काहीच नाही असं वागायचं.

पुंजाजीचा हात कापत होता. सुरुवातीला थोडा, मग पटाशी सरळ धरता येईना इतका. परतवाड्याच्या आरागिरणीत ओंडके उचलता उचलता तो सुतारकाम शिकला होता. विहारातलं मूर्तीखालचं सागवानी आसन त्याच्या हातचं, आणि बाहेरगावचा पाहुणा आला की लोक मुद्दाम ते दाखवायचे. असा माणूस आपला हात कापतो हे कोणाजवळ बोलणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचा, थंडी हाये. वैशाखातसुद्धा याला थंडी!

उन्हाळ्यात धामणगावहून एक दिवाण परत आला. फळीवर आडवे ओरखडे होते. “लाकूडच बेकार निघालं,” पुंजाजी म्हणाला, पण त्या दिवशी जेवला नाही. पुण्याहून अश्विनचा फोन आला, की बाबा, झालं तेवढं पुरे, आता आराम करा. पोराचं बोलणं त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर बायकोला म्हणाला, “तिवशाच्या मॅडमची बंगई होऊन जाऊ दे. ते बी वापस आली त समदे हत्यारं विकून टाकतो.”

मॅडमचा तो झोपाळा म्हणजे आता शेवटची परीक्षा, आणि हा बोलला की करणारा माणूस. दुर्गाबाईला हत्यारांचं फार काही नव्हतं. पण दिवसभर रिकाम्या हाताने ओट्यावर बसलेला नवरा तिला पाहवला नसता.

लाकडाला शेवटचा बारीक पॉलिशकागद मारायचं काम लग्नापासून तिचंच. आता मात्र ती त्याच्याही वाटणीचं करू लागली होती. पुंजाजी सकाळी चौकात चहा प्यायला गेला की ही कारखान्याच्या खोलीत शिरायची. आदल्या दिवशीच्या फळीवरून तळवा फिरवायची, आडवी रेघ हाताला लागली की ती जाईपर्यंत लाकडाच्या रेषेरेषेने घासायची. तो परत येईस्तोवर हिचा केर काढून झालेला. त्याला कधी पत्ता लागला नाही. पुरुषांना आधीच काय दिसतं!

पण बंगईची फळी सहा फुटांची. ती काही चहाच्या वेळात घासून होणारी नव्हती. मग तिने युक्ती काढली. माझ्या बोटांनी आता घासणं होत नाही, मला मशीन आणून द्या म्हणून हट्ट धरला. बोटांची सालं खरंच निघाली होती, त्यामुळे खोटं बोलण्याचं पापही अर्धंच लागलं. आणि त्या हट्टापायी दोघं आज एसटीने अमरावतीला, इतवाऱ्यातल्या या दुकानात आली होती.

“चालवून त पाहा काका,” चंद्रभानने जुन्या फळीचा एक तुकडा पुढे सरकवला.

आता हात खिशातून काढणं भाग होतं. पुंजाजीने दोन्ही हातांनी मशीन धरली आणि बटण दाबलं. पट्टा फिरला, मशीन पुढे झेपावली. तिला सरळ धरायला जो हात लागतो तो आता त्याच्यापाशी नव्हता. एका बाजूला कलून तिने फळीत बोटभर रुंद खड्डा पाडला.

“होते काका,” चंद्रभान हसला. “पयल्या खेपेले समद्यायचंच होते.”

पुंजाजी हसला नाही. कपाळावरचा घाम त्याने बाहीने पुसला. “सवय होईन,” तो म्हणाला. “हेच बांधा.”

ही मशीन घरी गेली तर बंगईचं वाटोळं ठरलेलं. पण ते सांगायचं कसं? दुकानदारासमोर नवऱ्याच्या हाताचा विषय काढायचा?

“काहून हेच?” ती पुढे सरसावली. “चालवणार कोन? मी ना? मले उचलन तरी काय हे धूड? भाऊ, लहान काई असन त दाखवा.”

“तुले काय समजते त्यातलं?”

“माह्या बोटाले समजते.”

चंद्रभानने नवरा-बायकोचं भांडण ऐकलंच नाही असं दाखवून मागच्या मांडणीवरून दुसरं खोकं काढलं. आतली मशीन मुठीएवढ्या दांड्याची होती. खाली गोल चकती, तिला चिकटवायचा गोल कागद, मागे भुशाची कापडी पिशवी.

“हे गोल फिरते अन् फिरता फिरता डोलते बी,” तो म्हणाला. “म्हनून कुठंच एका लाईनीत कागद घासत नाई. मंग रेघ पडायचं काई कामच नाई. हात इकडं तिकडं झाला तरी चालते मावशी.”

दुर्गाबाईने शेवटचं वाक्य कान देऊन ऐकलं. मशीन घेतली आणि हाताने कागद मारतात तशी सगळ्या अंगाचा भार टाकून दाबली. मशीन घुरघुरत मंदावली.

“दाबू नका. तिचं वजनच पुरे हाये. फक्त वरतं हात ठेवा.”

तिने पुन्हा केलं, या वेळी छान जमलं. तरी तिने मशीन नवऱ्याकडे दिली. “तुमीच पाहा बरं. मले काई समजून नाई राहिलं.”

पुंजाजीने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग तळवा मशीनवर ठेवला आणि बटण दाबलं.

मशीन थरथरत होती, तिच्यावरचा हातही थरथरत होता. त्यातलं मशीनचं थरथरणं कोणतं आणि माणसाचं कोणतं, हे त्याच्या जन्मदात्या आईलाही सांगता आलं नसतं. तो फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. खांदे सैल झाले. ओठ किंचित पुढे आले, लाकूड मनासारखं वागू लागलं की यायचे तसे. दुर्गाबाईने तो चेहरा दीड वर्षात पाहिला नव्हता.

“काका, फळी संपन आता,” चंद्रभान म्हणाला.

मशीन बंद झाली. दुर्गाबाईने फळीवरून तळवा फिरवला. एकही रेघ हाताला लागली नाही. तिचा जीव भांड्यात पडला. तोवर पुंजाजीचा हात खिशात परत गेला होता.

“हेच बांधा,” तो चंद्रभानला म्हणाला. “बाईच्या बोटायले तरास हाये.”

साप मेला आणि काठीही मोडली नाही. खोक्याची पिशवी छातीशी धरून दुर्गाबाई बसस्टँडपर्यंत चालली, ती आपल्याच हुशारीवर खूश होत.

परतवाड्याच्या गाडीला अर्धा तास होता. “चाल, चहा घेऊ,” पुंजाजी म्हणाला आणि टपरीजवळच्या बाकड्यावर बसला. तिला नवल वाटलं. अलीकडे तो तिच्यासमोरही चहा घ्यायचा नाही. घरचा चहा तिच्याकडे पाठ करून, आणि दुसरा चौकात.

त्याने उजव्या हाताने ग्लास उचलला. चहा हिंदकळून बोटांवर सांडला, थोडा पँटवर सांडला. दुर्गाबाईने झटकन मान वळवली आणि गाड्यांच्या पाट्या वाचू लागली.

“इकडं पाय,” पुंजाजी म्हणाला. “दीड वर्ष झालं, तिकडंच पायतं तू.”

तिने पाहिलं. त्याने हात लपवला नाही. सांडत सांडतच तीन-चार घोटांत ग्लास रिकामा केला आणि बाकड्यावर ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याला दिसू नये म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं.

“संपला बी?” ती म्हणाली. “चौकात जाता तवा त तासभर लागते तुमाले.”

“चहाले पाचच मिनिटं लागते,” पुंजाजी म्हणाला. “मंग येऊन आपल्या कारखान्याच्या भिताडामांगं बसतो. तुया कागदाचा आवाज थांबला का मंग आत येतो.”