पट्टेरी बी

माझ्या सासूबाई, मनुबाई, बी निवडायला बसल्या की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. दसऱ्याच्या सुमाराला मळणी उरकली की सकाळच्या उन्हात ओसरीवर सूप मांडीवर घ्यायचं आणि सोयाबीनचा एकेक दाणा बोटानं पुढं ढकलायचा, हे त्यांचं आठ-दहा दिवसांचं काम. यंत्राच्या चाळणीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कडेगावजवळच्या आमच्या गावात निदान सहा घरं जूनमध्ये त्यांनी निवडलेलंच बी पेरायची. मनुबाईचं बी म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नसे. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा शिवतेज, म्हणजे माझा नवरा, फौजेत. गावात त्यांचा म्हणून जो काही मान होता तो या बियाण्याचा होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या नजरेवर कमावला होता.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात लग्न होऊन मी आले, तेव्हा माझ्याजवळ वनस्पतिरोगशास्त्राची मोठी पदवी होती आणि भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. माहेर मलकापूरचं, कराडला खेटून. तिथं आईनं मला अभ्यासाच्या नावाखाली चुलीपाशी फिरकू दिलं नव्हतं. सासूबाई त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. तुकडे जोडून खायच्या. बोलल्या असत्या तर मी चांगली भांडले असते. मला भांडता येतं. पण न बोलणाऱ्या माणसापुढं माझं काही चालत नाही.

पहिल्या दसऱ्याला मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्या दोन ढीग करत होत्या. एक स्वच्छ पिवळ्या दाण्यांचा, तो बाजाराला. दुसरा लहान ढीग बियाण्याचा, आणि त्यातल्या दाण्यादाण्यावर डोळ्यापासून निघालेले तपकिरी-काळे पट्टे पसरले होते.

"आत्या, पट्ट्यांचं बी का ठेवताय?" मी विचारलं.

"पट्टा आला म्हंजी दाणा मुरला," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरात वाघ्याचं बी असंच निवडत्यात. बिनपट्ट्याचा दाणा बियाला धरतच न्हाईत."

त्यांचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, कोरेगावकडचं. तिकडं वाघ्या घेवडा पिकतो. फिकट गुलाबी दाणा, त्यावर लाल पट्टे. पट्टा ठळक तो दाणा अस्सल, पुसट तो भेसळीचा, हे त्या परकर नेसायच्या वयात आईच्या सुपाशेजारी शिकल्या होत्या. चारेक वर्षांपूर्वी त्यांना सोयाबीनमध्ये पट्ट्याचे चार दाणे दिसले आणि माहेरचं माणूस भेटल्यासारखं त्यांनी ते जपले. दर वर्षी पट्टे वाढत गेले. त्यांना वाटलं, वाण सुधारतंय.

आणि मी? माझा दोन वर्षांचा प्रबंध नेमका याच पट्ट्यांवर होता.

सोयाबीनचा दाणा पिवळा असतो, कारण झाड स्वतःच त्याचा रंग दाबून ठेवतं. रंगाचं जनुक त्याच्यापाशी असतं. पण त्या जनुकाकडून निघालेला निरोप झाड वाटेतच कात्रीनं कापावा तसा कापून टाकतं, आणि दाण्याच्या सालीत रंग उतरत नाही. हीच कात्री झाड रोगावरही चालवतं. विषाणू पेशीत शिरला की त्याचेही निरोप कापायचे, त्याला वाढू द्यायचं नाही. मोझॅक नावाच्या रोगाचा विषाणू त्यावर तोड घेऊन येतो. तो एक असं प्रथिन तयार करतो, की ते झाडाची ही कात्रीच निकामी करतं. मग विषाणू मोकळा सुटतो आणि त्याच्या पाठोपाठ दाबून ठेवलेला रंगही. ते पट्टे म्हणजे झाड हरल्याची खूण. सासूबाई चार वर्षं हरलेल्या झाडांचं बी वेचून ठेवत होत्या.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी सूप माझ्या मांडीवर सरकवलं. "निवड बघू. तुझी नजर कशी हाय बघू दे." त्यांनी सूप आजवर कुणाच्या हातात दिलं नव्हतं, हे मला शिवतेजनं आधीच सांगितलं होतं. मला इतका आनंद झाला की मी खाली मान घालून पट्ट्याचे दाणे वेचायला लागले. चांगले वेचले. त्या म्हणाल्या, "जमतंय की."

माणूस स्वतःला काय काय समजावतं. प्रत्येक पट्टेरी दाण्यात विषाणू असतोच असं नाही, हे खरंच आहे. मी ते रोज मनात घोळवलं. मे महिन्यात त्यांनी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण पाहिली, तेव्हा ऐंशीच्या वर कोंब आले. विषाणू असला तरी कोंब येतातच, हेही मला ठाऊक होतं. बी वाटलं गेलं, तेव्हा सहा घरांच्या पिशव्यांची तोंडं मीच बांधली.

ऑगस्टमध्ये शेजारच्या नूरजहां एक झाड उपटून घेऊन आल्या. त्यांचे मालक चांदसाहेब कडेगावात शिवणकाम करतात, दोन एकर रान त्या एकट्या बघतात. झाड वीतभर उंच, पानं सुरकुतून गोळा झालेली, शेंगा नखाएवढ्या.

"काकू, मिरचीवर बोकड्या पडतो तसं झालंय बघा," त्या म्हणाल्या. "समद्या रानात हाय. आन् केरबा भाऊजींच्यातबी."

सासूबाईंनी झाड हातात घेऊन उलटंसुलटं केलं. पावसानं ताण दिलाय म्हणाल्या, मावा लय पडलाय म्हणाल्या. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, या साली आधीच्या सालांपेक्षा जास्त पडलाच होता. त्यानंच रोग या झाडावरून त्या झाडावर नेला होता. नूरजहां मान हलवून गेल्या. आठ दिवसांत बाकीच्या घरांतूनही तेच कानावर आलं, आणि दुकानाचं बी पेरलेली शेजारची रानं बरी आहेत, हेही. सासूबाईंनी बांधावर जाणं सोडलं. जेवताना हात थांबायचा. एका संध्याकाळी ते वाळलेलं झाड त्यांनी माझ्यापुढं ठेवलं.

"तू यातलं शिकलीयास. सांग, काय झालंय."

मी सगळं सांगितलं. कात्रीचंच सांगितलं, दुसरं काही सुचलं नाही.

"म्हंजी पट्टा रोगाचा हुता."

"व्हय, आत्या."

"आन् मी तेच बी निवडून गावाला दिलं." त्यांनी झाड बाजूला ठेवलं. "तुला हे कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. परवा कळलं, पुस्तकात बघितलं, असं काहीही. त्यांनी ते मान्यही केलं असतं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या.

"दसऱ्याला," मी म्हणाले. "तुम्ही सूप दिलं तवा."

त्यांनी ओरडावं, शिवतेजला फोन लावावा, मला माहेरी धाडावं, यातलं काहीही मला चाललं असतं. त्यांनी ताट उचललं आणि खरकटं काढलं. रात्री माझं पांघरूण नेहमीसारखं घडी करून ठेवलेलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी ते अंगावर घेतलं नाही.

सकाळी त्या धुवट लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. "चल," म्हणाल्या. "सहा घरं फिरायचीत. ह्या सालचं बी कुणी ठेवू नगा म्हणून सांगायचंय."

पहिलं घर नूरजहांचं. सासूबाई उंबऱ्याच्या आत गेल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "माझ्याच बियात रोग हुता. तुझं रान मी घालवलं. ह्या संयोगितानं मला दसऱ्यालाच सांगितलं हुतं. मीच ऐकलं न्हाई."

नूरजहां माझ्याकडे बघून सासूबाईंना म्हणाल्या, "काकू, शिकलेली सून सांगतीया म्हटल्यावर ऐकायचं हुतं की." सासूबाई म्हणाल्या, "व्हय, चुकलंच."

बोळात मी त्यांचा हात धरला. "आत्या, तुम्ही असं का सांगितलं? मी खरं सांगते त्यांना."

"मला आता कितीक दिस ऱ्हायचंय?" त्या म्हणाल्या. "तुला हितं जल्म काढायचाय." आणि हात सोडवून पुढं चालायला लागल्या.

दुसऱ्या घरी मी बोलणार होते. तिसऱ्या घरीही. वाक्य तयार होतं, लहानसंच होतं. पण दर दाराशी सासूबाई आधी बोलायच्या, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत त्यांच्याबद्दलचं काहीतरी उतरताना दिसायचं, आणि तेच माझ्याबद्दल चढताना. चौथ्या घरातल्या नाथाजी मामांनी तर सरळ तोंडावर सांगितलं, "मनुबाई, आता ह्यो नाद सोडा. सुनंला विचारून करत चला." त्यावरही त्यांनी मान डोलावली.

शेवटचं घर केरबांचं. त्यांचं तीन एकर रान गेलं होतं. बातमी आमच्या आधीच पोचली होती. केरबांची बायको बाहेर आली ती सासूबाईंकडे न बघताच. दरवर्षी बी न्यायला आली की आधी त्यांच्या पाया पडायची तीच ही बाई. तिनं आतून एक खुर्ची आणली, पदरानं पुसली आणि माझ्यापुढं ठेवली.

"बसा, ताई," ती मला म्हणाली. "पुढच्या साली बी कुठलं धरायचं, ते तुमीच सांगा."

सासूबाई खाली पायरीवर टेकल्या. गुडघे दुखत असणार, सकाळपासून चालत होत्या. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं आणि बस म्हणून हातानं खुणावलं.

मी खुर्चीवर बसले, आणि बियाण्याचं सांगायला लागले.