वापरलेला क्वांटम वेळ: शून्य

हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यातून रोज सकाळी सहाच्या आत सतरा गाड्या बाहेर पडत. चादरी, अभ्रे, टॉवेल आणि शस्त्रक्रियेच्या वेळी घालायचे हिरवे गाऊन. गाऊन पोचले नाहीत तर शस्त्रक्रिया खोळंबते, हे गेटवरच्या रखवालदारालाही ठाऊक होतं. कुठली गाडी कुठे, कुठल्या क्रमाने जाणार, हे एकोणतीस वर्षं एकच माणूस ठरवत आला होता. ड्रायव्हर त्याला नकाशाकाका म्हणत.

नकाशाकाकांची खुर्ची गेली ती त्यांच्या पोटच्या लेकीमुळे, असं सगळा कारखाना मानत होता. लेकही तेच मानत होती.

ती तिथले संगणक सांभाळायची. दीड वर्षापूर्वी मालकीणबाई एका प्रदर्शनातून परतल्या त्या क्वांटम संगणकाचं खूळ डोक्यात घेऊनच. गाड्यांच्या रस्त्यांचा असा गुंता तो म्हणे चुटकीसरशी सोडवतो. यंत्र विकत घ्यायचं नव्हतं. ते दूर कुठेतरी होतं, आपण फक्त प्रश्न पाठवायचा. सल्लागार कंपनी ठरली, करार झाला आणि पहिल्याच महिन्यात घोडं अडलं. या विषयातला माणूस मिळेना. एक इंजिनिअर आला, तीन आठवड्यांत दुसरीकडे गेला. दुसरी आलीच नाही. मग सल्लागाराने माहिती मागितली: प्रत्येक थांब्यावर किती वेळ लागतो, कुठलं फाटक कधी उघडतं, कुठे लिफ्ट आहे. कारखान्यात यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. सगळं नकाशाकाकांच्या डोक्यात.

म्हणून आठ महिने रोज दुपारी बाप-लेक समोरासमोर बसले. तो सांगे, ती टाइप करी. “लहान मुलांच्या हॉस्पिटलात मागच्या दाराने जायचं, पण मंगळवारी नाही, मंगळवारी तिथे ऑक्सिजनची गाडी उभी असते.” असे एकशे बारा थांबे. कधी तो तेच तेच पुन्हा सांगायचा आणि ती वैतागायची. “बाबा, हे काल झालं.” तो हसायचा. “झालं का? बरं, पुढचं घे.”

नवी व्यवस्था सुरू झाली आणि सगळे थक्क झाले. सतरा गाड्यांचं काम पंधरा गाड्यांत होऊ लागलं. त्याच आठवड्यात नकाशाकाका निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी एक ड्रायव्हर तिच्याजवळून जाताना म्हणाला, “बापाच्याच खुर्चीला सुरुंग लावलास की गं!” थट्टेत म्हणाला, पण तिच्या ते जिव्हारी लागलं. त्यानंतर घरी ती बाबांच्या नजरेला नजर द्यायची नाही.

नव्या व्यवस्थेच्या सत्तेचाळिसाव्या दिवशीची गोष्ट. एका मोठ्या हॉस्पिटलचे लोक गुरुवारी पाहणीला येणार होते आणि मालकीणबाईंनी तिला माहितीचे तक्ते करायला सांगितले होते. क्वांटम यंत्र रोज किती सेकंद चालतं तो आकडा पहिल्याच तक्त्यावर टाकावा, असं तिच्या मनात आलं. तिने सल्लागाराच्या प्रणालीतला रोजचा अहवाल उघडला. आजवर कधी त्याच्या तळापर्यंत गेली नव्हती. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती.

वापरलेला क्वांटम वेळ: शून्य.

चूक असेल म्हणून तिने आदल्या दिवसाचा अहवाल काढला. शून्य. त्याच्या आदल्या दिवशी, शून्य. ती एकेक करत मागे गेली. सत्तेचाळीस दिवस, सत्तेचाळीस शून्यं. भिंतीपलीकडे कपडे पिळणारी यंत्रं घरघरत होती आणि तिला वाटलं, जमीन हलते आहे ती त्यांच्यामुळे नाही.

तिने सल्लागाराला फोन लावला.

“हो, बरोबर आहे ते,” तो अगदी सहज म्हणाला. “तुमचा प्रश्न अजून त्या यंत्राला झेपत नाही हो. पाठवला तर रांगेतच दोन-तीन तास जातात. आणि उत्तर येतं त्यात एकच गाडी एकाच वेळी दोन ठिकाणी. तुमच्या गाड्या तर सहाला निघायला हव्यात. म्हणून प्रणाली आपोआप साध्या संगणकाकडे वळते. करारात आहे, पान अडुसष्ट.”

“साध्या म्हणजे?”

“म्हणजे साध्या. तुमच्या टेबलावर आहे तसला. जरा दणकट, इतकंच.”

“मग दोन गाड्या वाचल्या त्या कशा?”

“ताई, खरं सांगू? तुम्ही दिलेली माहिती फार चोख होती. इतकी बारीक माहिती आम्हाला कुणीच देत नाही. ती असल्यावर कुठलाही संगणक हे करेल.”

तिने फोन ठेवला. ती माहिती म्हणजे बाबा. यंत्राने काही केलंच नव्हतं. नसलेल्या यंत्रासाठी तिने बापाला घरी बसवलं होतं.

अहवालांचा गठ्ठा छापून ती तडक मालकीणबाईंच्या खोलीत गेली. त्या खिडकीशी उभ्या राहून एका चादरीची शिवण तपासत होत्या. तिने कागद टेबलावर टाकले. “बाई, आपली फसवणूक झालीये.”

बाईंनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलंही नाही. “दार लाव,” त्या म्हणाल्या. मग, “मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे.”

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“करार मी वाचते, पोरी. शेवटपर्यंत वाचते. आज ना उद्या ते यंत्र कामाचं होईल, तेव्हा आपण रांगेत पुढे असू, असा माझा हिशेब होता. आणि बाहेर नाव चांगलं दिसतं, हेही खोटं नाही.”

“आणि बाबा?” तिचा आवाज चढला. “एकोणतीस वर्षांचा माणूस तुम्ही नावासाठी घरी पाठवलात?”

बाई खुर्चीत बसल्या. चादरीची घडी घालून त्यांनी ती बाजूला ठेवली.

“मी नाही पाठवलं. तोच आला होता माझ्याकडे. करार व्हायच्या आधी. हृदयाच्या हॉस्पिटलचे गाऊन त्याने दाताच्या दवाखान्यात पाठवले होते, आठवतं? आपण ड्रायव्हरवर खापर फोडलं. तर हा इथे, तू उभी आहेस तिथे उभा राहिला आणि म्हणाला, बाई, चूक माझी आहे. गेले काही महिने रस्ते पुसट होतायत. सगळं जायच्या आत माझ्या डोक्यातून काढून घ्या. आणि म्हणाला, माझ्या लेकीलाच बसवा समोर. फक्त तिला कारण सांगू नका.”

रोज दुपारी तेच तेच सांगणारा बाप तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्याच्यावर खेकसणारी ती स्वतः. आठ महिने तो समोर बसून विसरत होता आणि तिने ते टाइप केलं होतं.

“मी सांगायला नको होतं,” बाई पुटपुटल्या. “पण तू माझ्यावर ओरडलीस तेव्हा राहवलं नाही.”

घरी पोचली तेव्हा बाबा बाल्कनीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. तिने चप्पलही काढली नाही.

“बाबा, विसरायला होतं हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, चोरी पकडल्याचा भाव नव्हता. निव्वळ आश्चर्य होतं.

“सांगितलं की गं तुला. सगळ्यात आधी तुलाच सांगितलं.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, “हो बाबा. माझ्याच लक्षात राहिलं नाही.”

गुरुवारी पाहुण्यांसमोर तिने पहिल्याच तक्त्यावर शून्य लिहिलं. बाईंना आदल्या दिवशी विचारलं होतं. त्या “लिही” एवढंच म्हणाल्या होत्या. पाहुण्यांतला एक जण गोंधळून म्हणाला, “मग आम्ही नेमकं काय पाहायला आलोय?” तिने एकशे बारा थांब्यांची यादी पडद्यावर लावली आणि ती कुणी सांगितली ते सांगितलं. दोन तास प्रश्न झाले. शेवटी त्यांनी निम्म्या वॉर्डांचं काम दिलं, निम्मं दुसऱ्या कंपनीला. सल्लागाराशी नवं ठरलं: ते यंत्र चार गाड्यांवर, फक्त कागदावर, वर्षभर तपासायचं. बाकी जे आहे ते ‘क्वांटम’ हे नाव काढून चालवायचं.

पुढच्या सोमवारी ती बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. स्मरणशक्ती तपासायला डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी गोल सुबक काढला, आकडेही घातले, आणि काट्यांपाशी पेन्सिल थांबली. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिने काही सांगायचं नव्हतं, म्हणून नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.