नाकातल्या पट्ट्या

तारामती पलंगावर उशीला टेकून तोंडानं श्वास घेत होती आणि बाहेरच्या खोलीत तिचा नवरा दिनकर तिच्या वतीनं माफी देऊन मोकळा होत होता.

समोर चारदीवारीतला, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहरातला, एक सराफ बसला होता. तारामती रेल्वेत तिकीट तपासनीस. त्याच्या मुलाकडे तिनं गाडीत तिकीट मागितलं, तेव्हा त्या पोरानं तिच्या नाकावर कोपर हाणलं होतं. नाकाचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आतला पडदा सरळ राहावा म्हणून डॉक्टरांनी दोन्ही नाकपुड्यांत प्लास्टिकच्या पट्ट्या टाके घालून बसवल्या होत्या. तिला नीट बोलता येईना, म्हणून रेल्वे पोलिसांनी जबाब घेणं पुढे ढकललं होतं. तेवढ्यात सराफ घेवर मिठाईचा डबा घेऊन आला. धक्का चुकून लागला एवढंच बहनजींनी सांगावं, असं त्याचं म्हणणं.

तारामती भिंत धरून बाहेर आली. ती म्हणाली, मारलंय त्यानं, मी तेच सांगणार. पण शब्द नाकातच कोंडले, नुसता घोगरा आवाज निघाला. सराफानं दिनकरकडे पाहिलं.

"ठीक है, कह रही है," दिनकर म्हणाला.

तिच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. ओरडायला जावं तर टाक्यांतून कळ मस्तकात जायची. सराफ हात जोडून निघून गेला.

मग दिनकर तिला समजावू लागला. "परक्या मुलखात वैर कायले घेऊन राहिली? आपलं कोण आहे इथं?"

तिनं मिठाईचा डबा न उघडताच उचलला आणि घराबाहेर जिन्याखाली ठेवून आली. त्यानंतर ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

पट्ट्या काढायच्या दिवशी डॉक्टरांनी टाके कापून त्या ओढल्या, तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पाठोपाठ नाकातून गार हवा आत शिरली. बाहेर येऊन दिनकरनं रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगितला.

"भैया, स्टेशन चलो. रेल्वे थाना," तारामती म्हणाली.

ठाण्यात फौजदारानं काय झालं म्हणून विचारलं. दिनकर खुर्चीत पुढे सरकला. "सर, वो क्या हुआ..."

"तुम्ही नव्हते तिथं," ती म्हणाली. "मी होती."

आणि ती सांगू लागली. मध्येच नाकातून लालसर पाणी ओघळलं. फौजदार म्हणाला, थोडं थांबू या. तिनं रुमाल नाकाखाली धरला, मान नकारार्थी हलवली आणि पुढचं वाक्य सांगितलं.