मोठ्या अक्षराचं गाव

आमच्या विलो बेंडच्या गावपरिषदेची बैठक रात्री आठला संपते. पुढे चालवायची तर सगळ्या सदस्यांची संमती लागते. एकाने जरी नाही म्हटलं, तरी उठायचं.

त्या संध्याकाळी शेवटचा विषय आमच्या रिंकचा, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाचा होता. बर्फ गोठवणारं यंत्र बिघडलं होतं. नव्यासाठी प्रांत अनुदान देणार होता, पण परिषदेचा ठराव दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचला तरच. नाहीतर माझ्या संघातल्या मुली हिवाळाभर हॉकी कुठे खेळणार? ठराव मांडणार होते परिषदेचे सदस्य ओरेस्टभाऊजी, माझे थोरले दीर, इंग्रजीचे निवृत्त मास्तर. म्हणून मी निर्धास्त होते. चुकलंच माझं.

त्याआधी निघाला नव्या नियमावलीचा इंग्रजी मसुदा, आणि त्यातली कॅपिटल अक्षरं. सदस्य मर्ना पेलेटिए उसळली. "कॅनडा सरकार मोठ्या अक्षराने, प्रांत मोठ्या अक्षराने, आणि आपलं गाव तेवढं बारक्या अक्षराने? आपण काय आश्रित आहोत?"

"मर्नाबाई, पूर्ण नाव घेतलं तर पहिलं अक्षर मोठं," भाऊजी म्हणाले. "नुसतं गाव म्हटलं की लहान. प्रांतालाही तोच नियम. यात मानपान कसला?"

"मास्तर, शाळा कधीच सुटली!"

सगळे हसले. भाऊजी नाही हसले. मग जो तो आपलं घोडं दामटू लागला: संघराज्य, जिल्हा, मेयर, अगदी अग्निशमन दलसुद्धा. मागे प्रेक्षकांच्या बाकावर माझा पाय थांबत नव्हता. घड्याळाकडे बघून बघून मान दुखली. 'अरे, बर्फाचं बघा!' असं ओरडावंसं वाटत होतं. शेवटी मतं पडली. मर्ना एका मताने जिंकली, आणि आठ वाजले.

"एकच ठराव राहिलाय," मेयर म्हणाले. "दहा मिनिटं वाढवू या. सगळे तयार?"

"मी नाही," भाऊजी म्हणाले. कान लाल झाले होते. "नियम सोयीने वाकवायचे नसतात."

बाहेर गाडीपाशी मी त्यांना गाठलं. "भाऊजी, हे काय केलंत?"

"अगं, पुढच्या महिन्यात घेऊ की."

"मुदत उद्या दुपारची आहे!"

त्यांनी किल्ली खिशातून काढली, परत ठेवली. रागाच्या भरात मुदत त्यांच्या डोक्यातूनच गेली होती. मला त्यांची दया आली नाही.

आता रिंकला कुलूप आहे. दारावर 'गावाची मालमत्ता' अशी पाटी आहे. ठरल्याप्रमाणे गावाचं पहिलं अक्षर मोठं आहे, चांगलं वीतभर.

सरावाला मुलींना तासभर लांबच्या गावी न्यावं लागतं. पहिल्याच मंगळवारी भाऊजी आमच्या अंगणात व्हॅनचं इंजिन तापवत उभे होते. "तू मागे बस, मी चालवतो," एवढंच म्हणाले. तेव्हापासून दर मंगळवारी येतात, बर्फ पडत असला तरी.

मी अजून त्यांच्याशी धड बोलत नाही. थर्मासात कॉफी मात्र दोघांपुरती भरते.