सुनेसाठी लावलेली गुजोल्चो

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी सुनेची कूस उजवेना, तेव्हा ओकबुनबाईंनी आपल्याच डोक्याने डोंगरावरून गुजोल्चोची चार रोपं आणली. शेवंतीच्या जातीचं हे पांढरं रानफूल. नवव्या महिन्याच्या नवमीला तोडून वाळवायचं आणि मूल हवं असलेल्या बाईला त्याचा काढा द्यायचा, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बाईंचं चुकलं ते इथेच. असलं औषध परसात, चारचौघांच्या डोळ्यांआड लावावं की नाही? यांनी लावलं रस्त्याकडच्या भिंतीशी, तिथे ऊन चांगलं म्हणून!

रोपांनी बघता बघता मिरचीचा वाफा गिळला. येणारे-जाणारे थांबून चौकशी करू लागले.

पुढच्या वर्षी चुसकला, सुगीच्या सणाला, मुलगा सांगहून आणि सून हेजू सोलहून आली. आदल्या नवमीला तोडलेल्या फुलांच्या काढ्याचा वाडगा हेजूने ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

"आई, इथून जाणारा प्रत्येक जण आधी फुलं बघतो, मग माझं पोट. पुढच्या सणाला मी नाही यायची."

ओकबुनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलाची गाडी वळणाआड गेली तशी त्यांनी खुरपं घेतलं आणि भिंत मोकळी केली.

पण खुरप्याने मुळांचे तुकडे झाले होते, आणि वसंतात एकेका तुकड्याला कोंब फुटला. सोया सॉसच्या रांजणांच्या फटींत, पायरीखाली, कोबीत, जिथे तिथे गुजोल्चो. "मेलीला लाज म्हणून नाही!" बाई रडकुंडीला यायच्या आणि पुन्हा खुरपायला बसायच्या. फुलं दिसली तर पोरगी कायमची तुटेल, याच भीतीने त्यांचा जीव अर्धा झाला होता.

चुसक आला. बाई अजून भिंतीशीच वाकलेल्या. शेजारच्या दकसूनबाई रस्त्यावरून ओरडल्या, "काय गं सांगहूनच्या आई, यंदा बहर जोरात! सुनेकडून काही गोड बातमी?"

ओकबुनबाई कंबर धरून उठल्या.

"बातमी कसली? झालं मूल तर झालं, नाही तर नाही. माझी सून मला आहे तशी हवी आहे. आणि पुन्हा विचारशील तर हे खुरपं बघून ठेव!"

दकसूनबाईंनी काढता पाय घेतला. बाई वळल्या, तर फाटकात नासपतीची पेटी घेऊन हेजू सगळं ऐकत उभी. नवऱ्याने कशीबशी समजूत घालून आणलेली. बाईंनी घाईघाईने उपटलेली रोपं पदराआड करावीत तशी पाठीमागे लपवली.

"सगळी काढत होते गं पोरी, पण ही मेली..."

हेजूने पेटी खाली ठेवली. सासूच्या हातातलं खुरपं घेतलं, भिंतीशी उकिडवी बसली आणि खड्डा केला. मागे लपवलेल्यातलं एक रोप ओढून घेऊन तिने त्यात ठेवलं, माती दाबली.

"दुसरं द्या, आई," ती म्हणाली.